“किमतीचा विषय काढू नका”: जुनी गाडी विकताना झालेल्या एका फसवणुकीचं प्रकरण

या प्रकरणातली दोन्ही कुटुंबं एकमेकांना आधी ओळखत नव्हती. दोघांनाही एकाच माणसाने फसवलं, आणि सुरुवातीचा पाऊण तास दोघं एकमेकांनाच चोर समजत होते. बँकेच्या तक्रारीचे कागद लावून द्यायला मी मदत केली, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन, मेसेज आणि पावत्या मला बघायला मिळाल्या. दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

विक्रेते साताऱ्यातले निवृत्त सरकारी कर्मचारी. त्यांना आपण काका म्हणू. २०१८ ची पेट्रोल वॅगन-आर, एकाच मालकाने वापरलेली, कर्ज फिटून आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजाही उतरवलेला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकांचं गाडी चालवणं बंद झालं होतं. गाडी दारात उभी राहून बॅटरी उतरत होती, म्हणून विकायचं ठरलं.

शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने ३ लाख ७५ हजार सांगितले. पुण्याच्या मुलीचं म्हणणं पडलं की थेट गिऱ्हाईक मिळालं तर चार-सव्वाचार सहज येतील. तिने फोटो काढून जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली. किंमत ४ लाख ४० हजार. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती आणि खाली काकांचा मोबाइल नंबर होता.

दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. “लष्करात आहे, बदली झालीय, गाडी न बघताच घेतो. टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” मुलीने या प्रकाराबद्दल आधीच बजावून ठेवलं होतं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. काकांनी फोन ठेवून दिला आणि नंबर ब्लॉक केला.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रसंगाचा पुढच्या सगळ्यावर परिणाम झाला. आपल्याला फसवणूक ओळखता येते, असा काकांचा समज झाला. फसवणूक म्हणजे न दिसणारा, क्यूआर पाठवणारा माणूस, हे चित्र मनात पक्कं बसलं. पुढच्या खेपेला दारात जिताजागता, खरोखरचा गिऱ्हाईक आला, आणि संशय घ्यायचं काही कारणच उरलं नाही.

सौदा कसा जुळला

दोन दिवसांनी दुसऱ्याच एका माणसाचा फोन आला. बोलणं अदबीचं, मराठी आपल्याकडचंच. त्याने घासाघीस केली नाही. ४ लाख ४० हजार मान्य. आरसी, विमा आणि आधार यांचे फोटो मागितले, ते काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मग तो म्हणाला, “काका, गाडी मी माझ्यासाठी घेत नाही. कराडकडचा एक पोरगा आहे, त्याचे माझ्याकडे थोडे पैसे आहेत, त्यात त्याला गाडी घेऊन देतोय. तो बघायला येईल. त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका. आणि विचारलंच तर मी तुमचा भाचा आहे म्हणा, म्हणजे त्याला विश्वास वाटेल.”

काकांनी हो म्हटलं. मागितलेली पूर्ण किंमत मिळत होती आणि त्या बदल्यात फक्त गप्प राहायचं होतं.

तिकडे याच माणसाने काकांच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकली होती. किंमत ३ लाख ६० हजार. ती कराडजवळच्या गावातल्या एका तरुणाने बघितली. त्याचा दूध संकलनाचा व्यवसाय. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. त्याला सांगितलं गेलं ते असं: “गाडी माझ्या मामांची आहे. मामांनी धंद्यासाठी माझ्याकडून पैसे घेतले होते, ते गाडी विकून परत करतायत. म्हणून पैसे माझ्याकडे द्यायचे. मामांसमोर किमतीचं बोलू नका, त्यांना वाईट वाटतं.” पुरावा म्हणून काकांनीच पाठवलेले आरसी आणि आधारचे फोटो पुढे केले. सौदा ३ लाख ४० हजारांवर ठरला.

दोन्हीकडची गोष्ट वेगळी, पण विनंती एकच. काकांना वाटलं पूर्ण भाव मिळतोय, तरुणाला वाटलं गाडी स्वस्तात मिळतेय. किंमत उघड बोलावी अशी गरज दोघांनाही वाटली नाही. ही योजना आखणाऱ्याने माणसाचा स्वभाव नेमका ओळखला होता. आपल्याला फायद्याचा सौदा होतोय असं वाटलं, की तो मोडेल या भीतीने माणूस प्रश्न विचारत नाही.

गुरुवारची दुपार

गुरुवारी सकाळी तरुण एक मित्र आणि मेस्त्रीला घेऊन आला. मेस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिन ऑइलचं झाकण काढून बघितलं, खाली वाकून गंज तपासला, दारांच्या रबराखालचा मूळ रंग बघितला. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एक फेरी झाली. गाडी पसंत पडली. निघताना तरुणाने अगदी सहज विचारलं, “ते तुमचे भाचे ना?” काका म्हणाले, “हो, हो.”

तिथून तो आपल्या बँकेच्या शहरातल्या शाखेत गेला आणि फोनवर मिळालेल्या खात्यावर ३ लाख ४० हजारांचा आरटीजीएस केला, म्हणजे बँकेतून रक्कम थेट त्या खात्यात पाठवली. खातेदाराचं नाव ना काकांचं, ना स्वतःला भाचा म्हणवणाऱ्याचं. त्याने फोनवर विचारलं, तर उत्तर तयार होतं: “माझ्या पार्टनरचं खातं आहे.” पावणेएकच्या सुमारास पैसे गेले.

त्याच वेळी काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ४ लाख ४० हजारांच्या आरटीजीएस पावतीचा फोटो आला. बँकेचा लोगो, शिक्का, सही, यूटीआर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), सगळं होतं. खात्यात मात्र काही आलं नाही. काकांनी फोन लावला. “काका, सर्व्हर स्लो आहे. मोठी रक्कम आहे, संध्याकाळपर्यंत जमा होईल. पोराला लांब जायचंय, गाडी देऊन टाका.”

दीडच्या सुमारास तरुण पुन्हा दारात आला. टेबलावर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पसरलेले. काकांनी २९ वर सही केली होती, किल्ली हातात होती. काकू चहा घेऊन आल्या. त्यांना त्या तथाकथित भाच्याच्या सूचना कुणी सांगितल्याच नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, “आमच्याकडं तर अजून काही आलं नाही. तुम्ही कुणाच्या खात्यात भरले?”

तरुणाने पावती दाखवली. रक्कम वेगळी, नाव वेगळं, खातं वेगळं.

दोघांनी एकाच वेळी त्या नंबरवर फोन लावले. तरुणाला सांगण्यात आलं, “मामांचं वय झालंय, विसरतात, लक्ष देऊ नका.” काकांना नंबर व्यस्त येत होता. पाचेक मिनिटांनी फोन बंद झाला.

समोर असलेले पर्याय

पुढची पंचेचाळीस मिनिटं भांडणात गेली. तरुणाचं म्हणणं, “तुम्ही स्वतः भाचा म्हणालात, मी तुमच्या घरी येऊन गाडी बघितली, पैसे दिले, आता गाडी द्या.” काकांचं म्हणणं, “माझ्या खात्यात एक रुपया आलेला नाही.” शेजारी जमले. तिथे चार गोष्टी सुचवल्या गेल्या.

पहिली म्हणजे गाडी देऊन टाकावी आणि आरटीजीएसची वाट बघावी. एवढी पक्की पावती आहे, पैसे येतीलच, असं एक-दोघांना खरंच वाटत होतं. ते चुकीचं होतं. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतो, आणि संदेश मिळाल्यावर घेणाऱ्याच्या बँकेने तीस मिनिटांत रक्कम जमा करायची असते. “संध्याकाळपर्यंत” या शब्दातच उत्तर होतं. यूटीआरही लहान होता. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेच्या चार अक्षरी सांकेतिक नावाने सुरू होतो. पण खरं सांगायचं तर पावती तपासत बसण्यात अर्थ नाही. पावती कितीही हुबेहूब बनवता येते. आपल्या खात्यातली शिल्लक मात्र दुसऱ्या कुणाला बदलून दाखवता येत नाही.

दुसरी सूचना होती गाडी दाराच्या आत घ्यावी, तरुणाला हाकलावं आणि विषय संपवावा. पैसे न मिळालेल्या मालकाची गाडी त्याचीच राहते, हे मूळ तत्त्व काकांच्या बाजूचं होतं. पण वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मध्ये एक अपवाद आहे. मालकाने स्वतःच्या वागण्याने दुसऱ्याला विक्रीचा अधिकार आहे असं भासवलं असेल, तर नंतर तो अधिकार नाकारणं त्याला अवघड जातं. “हो, हो” हे दोन शब्द इथे काकांच्या विरोधात जाऊ शकत होते. दार लावून घेतल्याने तो प्रश्न सुटला नसता.

तिसरी सूचना एका ज्येष्ठ शेजाऱ्याची, दोघांनी निम्मं निम्मं सोसावं. हेतू चांगला होता. पण हा तोडगा स्वीकारला असता तर दोघंही घरी गेले असते आणि बँकेला कुणी कळवलंच नसतं.

चौथी सूचना काकांच्या मुलीची, फोनवरून. भांडण नंतर करा, आधी दोघांनी मिळून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे अजून कुठल्यातरी खात्यात असतील.

काय केलं

सव्वादोनला तरुणाने राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली. पैसे त्याच्या खात्यातून गेले असल्याने तक्रारही त्यानेच करणं योग्य होतं. हेल्पलाइनवाल्यांनी बँकेचं नाव, खाते क्रमांक, यूटीआर, रक्कम आणि वेळ विचारली. ही सगळी माहिती खऱ्या पावतीवर होतीच, त्यामुळे फोन लवकर आटोपला. मग तो त्याच शाखेत गेला, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. संध्याकाळी दोघंही एकत्र पोलीस ठाण्यात गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड या फसवणुकीच्या कलमांखाली तरुणाची फिर्याद नोंदवली गेली.

काकांनी वेगळा अर्ज दिला, की माझ्या आरसी आणि आधारच्या प्रतींचा गैरवापर झाला आहे, गाडी माझ्या ताब्यात आहे आणि मला कोणतीही रक्कम मिळालेली नाही. सही केलेल्या फॉर्म २९ वर “रद्द” लिहून तो जपून ठेवला. रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण पुसून टाकायचं त्यांच्या मनात होतं, मुलीने अडवलं. खोटी जाहिरात तर संध्याकाळी गायब झाली होती, पण तरुणाच्या मित्राने तिचा स्क्रीनशॉट आधीच घेतलेला होता.

दोघं एकत्र गेले याचा फायदा पुढे दिसला. दोन्ही फोनमधले मेसेज शेजारी ठेवल्यावर एकच माणूस एकाच दिवशी दोन गोष्टी सांगत होता हे लगेच स्पष्ट झालं. एकटा तरुण गेला असता तर काका संशयित ठरले असते. तसंही पहिल्या जबाबात “भाचा का म्हणालात?” हा प्रश्न त्यांना तीनदा विचारला गेला. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसणं किती जड गेलं, हे मी जवळून पाहिलं आहे.

निष्पत्ती

पहिल्या खात्यातून पैसे तासाभरात पुढे सरकले होते. त्यातले १ लाख १२ हजार दुसऱ्या टप्प्यातल्या एका खात्यात सापडले आणि गोठवले गेले. बाकीचे एटीएममधून काढले गेले. पहिलं खातं परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं, ते त्याने थोड्या पैशांसाठी वापरायला दिलं होतं. गोठवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने काही महिन्यांनी तरुणाला परत मिळाली. २ लाख २८ हजार गेले ते गेलेच. काकांचं पैशांचं नुकसान झालं नाही, कारण किल्ली त्यांच्या हातातून सुटली नव्हती.

ती सुटली असती तर नुकसान गाडीच्या किमतीपुरतं राहिलं नसतं. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते.

निर्णयाच्या जागा

काकांच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाची जागा गुरुवारची नव्हती. ती होती आदल्या दिवसांतली, जेव्हा त्यांनी किमतीबद्दल न बोलण्याची अट मान्य केली. खऱ्या व्यवहारात अशी अट कुणालाच घालावी लागत नाही. मेस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी काका एवढंच बोलले असते, “गाडी ४ लाख ४० ला ठरलीय ना?”, तर तरुण जागच्या जागी थबकला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं. माझ्या मते या प्रकारच्या फसवणुकीवर यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. मध्ये कुणीही असो, गाडी बघायला आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी मोठ्याने विचाराव्यात: किंमत किती ठरली, पैसे कोण देणार, कुणाच्या खात्यात देणार.

“भाचा आहे म्हणा” ही विनंती मान्य करणं त्याहून घातक. यात काकांचा लोभ नव्हता, भिडस्तपणा होता. पण ज्याला आपण पाहिलेलंही नाही, त्याचं नातं आपण आपल्या तोंडाने कबूल केलं, की त्याच्या प्रत्येक शब्दाला आपली साक्ष लागते.

तरुणाच्या बाजूने एकच जागा होती आणि ती बँकेच्या काउंटरवर होती. आरसीवरचं नाव आणि खातेदाराचं नाव जुळत नव्हतं. तो स्वतः आरटीजीएसचा फॉर्म भरत होता, ते नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी पडताळून बघण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. पण नाव वेगळं आहे हे त्याला आधीच माहीत होतं, त्यामुळे या सोयीनेही तो वाचला नसता. त्याला वाचवू शकला असता फक्त काकांना केलेला एक प्रश्न. आणि नेमका तोच प्रश्न विचारायचा नाही, असं त्याला बजावलं गेलं होतं.

कागदपत्रांचे फोटो इतक्या सहज पाठवायला नको होते. गाडी प्रत्यक्ष बघण्याआधी कुणालाही आधार लागत नाही, आणि द्यायचंच झालं तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार पुरतं. आरसीच्या प्रतीवर तारीख आणि “फक्त पाहण्यासाठी” असं आडवं लिहिलं असतं, तर तीच प्रत पुढे करून कुणाचा विश्वास मिळवणं त्या माणसाला कठीण गेलं असतं. जाहिरातीतली नंबरप्लेटही झाकता आली असती.

आणि भांडणात गेलेली ती पंचेचाळीस मिनिटं. दीड वाजताच १९३० ला फोन गेला असता तर किती जास्त रक्कम अडवता आली असती, हे सांगता येत नाही. पण खातेबदलाच्या वेळा बघितल्या तर पैशांचा मोठा भाग त्याच वेळात एटीएमपर्यंत पोचला होता.

दुसरा सौदा

दोन महिन्यांनी काकांनी गाडी ४ लाख १० हजारांना विकली, शहरातल्याच एका शिक्षिकेला. या वेळी किंमत दोघांनी समोरासमोर ठरवली. टोकनचे १० हजार बाईंनी स्वतःच्या खात्यातून काकांच्या खात्यात टाकले. उरलेल्यातली काही रक्कम रोख द्यायची तयारीही त्यांनी दाखवली होती, काकांनी नको म्हटलं. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि मोजणी, बनावट नोटा ही कटकट वेगळीच. धनादेश वटेपर्यंत थांबायची बाईंची तयारी नव्हती. डिमांड ड्राफ्टचाही विषय निघाला होता, पण ड्राफ्टही बनावट निघू शकतो. तो घ्यायचाच तर तो देणाऱ्या शाखेशी, तिचा नंबर आपण स्वतः शोधून, बोलून खात्री करावी लागते.

म्हणून दोघं मिळून बाईंच्या बँकेत गेले. आरटीजीएस झाला. काकांनी मेसेजवर भागवलं नाही. आपल्या शाखेत जाऊन पासबुक भरून घेतलं, रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मगच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या घेतल्या, म्हणजे त्या क्षणानंतरचं चलान कुणाचं यावर वाद नको. हस्तांतराची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते, ती तिसऱ्या दिवशी ऑनलाइन गेली. काचेवरचा फास्टॅग काढून त्याचं खातं बंद केलं. नवीन आरसीवर बाईंचं नाव चढल्याचा स्क्रीनशॉट आल्यावर काकांनी जुनी फाइल त्यांना दिली, सर्व्हिसिंगच्या बिलांसकट.